तासाभराने तेजोमेघ धूसर का होतो? गोव्यातले दव आणि नवशिक्याची लेन्स

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. संध्याकाळी ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारे यंत्र, ध्रुवताऱ्याशी जुळवला, १३५ मिमीची लेन्स मृग नक्षत्राच्या तलवारीवर नेली आणि एकेका मिनिटाच्या फ्रेम सुरू केल्या. पहिल्याच फ्रेममध्ये एम ४२, म्हणजे मृगातला मोठा तेजोमेघ, पंख पसरून उमटला. पुढच्या चाळीसेक फ्रेम अशाच सुरेख. पन्नाशीच्या आसपास तारे जाडसर दिसू लागतात, ठळक ताऱ्यांभोवती मऊ वलय येते, तेजोमेघाच्या फिक्या कडा आकाशात विरून जातात. शंभराव्या फ्रेमपर्यंत सगळे दुधात बुडवल्यासारखे होते. पुढच्या रात्री पुन्हा तेच.

अशा वेळी बहुतेकांचा हात फोकस रिंगकडे जातो. तो आधी आवरा. बरोबर असलेला फोकस त्यात हलतो आणि मग एका दोषाचे दोन होतात. गोव्यात नोव्हेंबर ते मार्च या काळात पहिला संशय दवावर घ्यावा, आणि तो खरा की खोटा हे दोन मिनिटांत ठरवता येते.

आधी खात्री करा

एक फ्रेम संपून दुसरी सुरू होण्याआधी लाल टॉर्च लेन्सच्या पुढच्या काचेवर अगदी तिरका धरा आणि बाजूने पाहा. चेहरा काचेसमोर नेऊ नका, नाहीतर श्वासानेच काच ओली होईल. कोरडी काच खोल, काळसर दिसते आणि टॉर्चचा ठिपका तिच्यात स्वच्छ उमटतो. दव धरलेली काच फ्रिजमधून काढलेल्या स्टीलच्या पेल्यासारखी राखाडी दिसते आणि टॉर्चचा उजेड तिच्यावर पसरट होतो. सुरुवात बहुधा मध्यापासून होते, कारण कडेला हुडचा, म्हणजे लेन्सपुढच्या नळीसारख्या कड्याचा, थोडाफार आडोसा असतो. फोटोत मात्र थेंबांचा आकार कधीच दिसत नाही. थेंब लेन्सच्या इतके जवळ असतात की त्यांच्यावर फोकस होणे शक्यच नसते. म्हणून फोटोत डाग शोधून उपयोग नाही, पूर्ण चौकटीचाच उठाव कमी होतो.

टॉर्चने नक्की कळले नाही तर लेन्स सरळ डोक्यावर वळवून एक फ्रेम घ्या. तिथले तारे टोकदार आले तर लेन्स निर्दोष आहे आणि दोष क्षितिजाजवळच्या हवेचा आहे. ही चाचणी इथे फार कामाची आहे. मृग मध्यरात्रीनंतर पश्चिमेला कलतो, तिथे समुद्रावरची दमट हवा आणि ट्रॉलरचे दिवे दोन्ही आडवे येतात. दक्षिणेकडचा कॅरिना तेजोमेघ गोव्यातून दिसतो हे आपले भाग्य, पण तो मार्चच्या मध्याला मध्यरात्रीच्या सुमारास जेव्हा सर्वांत वर असतो तेव्हाही क्षितिजापासून जेमतेम १५ अंशांवर असतो. तिथल्या धूसरपणावर लेन्स गरम ठेवणारा कोणताही हीटर चालणार नाही. संध्याकाळी पाचोळा जाळल्याचा धूर थंडीच्या दिवसांत जमिनीलगत तरंगत राहतो, तोही असाच फसवतो.

घरी आल्यावर आकडेही बोलतात. सिरिल या फोटो जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रजिस्टर केल्या, म्हणजे ताऱ्यांवरून एकमेकींशी जुळवल्या, की प्रत्येक फ्रेममधल्या ताऱ्यांची संख्या आणि त्यांची सरासरी रुंदी यांचा आलेख मिळतो. डीपस्कायस्टॅकर या तशाच सॉफ्टवेअरमध्येही तारे आणि गुण यांचे रकाने असतात. दवात ताऱ्यांची संख्या एकदा घसरू लागली की घसरतच जाते, आपोआप सावरत नाही. पातळ ढगात ती खाली जाते आणि पुन्हा वर येते. फोकस सरकला असेल तर ताऱ्यांची रुंदी हळूहळू वाढते, पण वलये येत नाहीत. संध्याकाळचे २७ अंश तापमान पहाटे २१ वर येते तेव्हा लेन्सचा फोकस खरोखर सरकतो, त्यामुळे ही शक्यता सोडून देता येत नाही. बाहतिनोव्ह मास्क, म्हणजे फोकस तपासायची रेघांची जाळी, लेन्सपुढे लावून व्याधाकडे पाहिले की मधली रेघ बरोबर मध्ये आहे की नाही ते लगेच दिसते. मास्कच्या रेघाच अंधुक आणि फुगीर दिसल्या तर पुन्हा दव.

एक गोष्ट वेगळी ठेवा. रोझेट किंवा कॅलिफोर्निया तेजोमेघ पहिल्या फ्रेमपासूनच फिका येत असेल तर ते दव नव्हे. साध्या डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढे असलेला फिल्टर हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवतो. नवशिक्याने म्हणूनच सुरुवात एम ४२ पासून करावी.

काच हवेपेक्षा थंड होते

दव आकाशातून पडत नाही. निरभ्र रात्री वर तोंड करून असलेली प्रत्येक वस्तू आपली उष्णता आकाशाकडे टाकत असते, आणि काच त्यात फार तरबेज. वारा नसेल तर लेन्सची पुढची काच भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड होते. ती दवबिंदूच्या तापमानाखाली गेली की हवेतली वाफ तिच्यावर बसते. आता आकडे पाहा. हवा २२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे १६ अंशांवर असतो, म्हणजे काचेला जवळजवळ सहा अंशांची मोकळीक आहे. आर्द्रता ९० टक्के झाली की दवबिंदू २०.३ अंशांवर येतो आणि ती मोकळीक पावणेदोन अंशांवर उतरते. गोव्यात थंडीच्या रात्री आर्द्रता अशीच चढत जाते, म्हणूनच पहिला तास चांगला जातो आणि नंतर बिघडते.

याची सूचना लेन्सच्या आधी गाडी देते. स्कूटरच्या सीटवर किंवा गाडीच्या टपावर हात फिरवा. तो ओला लागला तर लेन्सची पाळी जवळ आली असे समजा.

दव धरलेच तर

पुसू नका. हा मोह सर्वांत मोठा आणि सर्वांत महागडा. किनाऱ्याजवळ काचेवर मिठाचे बारीक कण बसलेले असतात, ओल्या काचेवर कापड फिरवले की ते लेपावर घासले जातात. शिवाय काच अजून थंडच असते, त्यामुळे पुसल्यावर पाच मिनिटांत ती पुन्हा ओली होते. हेल्मेटच्या काचेला मारायचा धुके-विरोधी स्प्रे तर लेन्सच्या जवळपासही नको.

काच गरम करूनच सुकवायची. घराच्या अंगणात असाल तर हेअर ड्रायर सर्वांत कमी तापमानावर, एका हाताच्या अंतरावरून, सतत हलवत मिनिटभर. एक्स्टेन्शनची जोडणी ओल्या गवतावर ठेवू नका, ती स्टुलावर घ्या. रानात असाल तर हीटरचा पट्टा पूर्ण ताकदीवर ठेवून लेन्सला टोपण लावा, लेन्स जमिनीकडे वळवा आणि पंधरा-वीस मिनिटे थांबा. सुकल्यावर लगेच फोटो सुरू करू नका. गरम काचेचा फोकस वेगळा असतो, पाच-दहा मिनिटांनी मास्क लावून तो पुन्हा तपासा.

हा झाला तात्पुरता उपाय. खरे काम काच ओली होण्याआधी तिला दोन-तीन अंश गरम ठेवणे हे आहे.

हीटरचा पट्टा: कुठे, किती, कशावर

यूएसबीवर चालणारा लेन्स हीटर म्हणजे कापडी पट्टा, आत तापणारी तार आणि टोकाला वेल्क्रो. तो ५ व्होल्टवर साधारण ५ ते १० वॅट घेतो. १३५ मिमीपर्यंतच्या लेन्सला गोव्यात ५ वॅट पुरतात, पण ते योग्य जागी पोचले तर. पट्टा पुढच्या काचेच्या कडेमागे, जिथे हुड बसतो तिथेच, घट्ट बांधायचा. बोटभर मागे सरकला तर तो फोकस रिंग तापवत बसतो आणि पुढची काच थंडच राहते. "हीटर लावूनही दव येते" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हीच चूक सापडते. पुढे फिल्टर लावला असेल तर पट्ट्याची कड फिल्टरच्या धातूच्या कड्यावर चढू द्या, नाहीतर दव फिल्टरवर धरते आणि कधीकधी फिल्टर आणि लेन्स यांच्या मधल्या फटीतही.

क्रम महत्त्वाचा. आधी पट्टा बांधा, मधल्या ताकदीवर चालू करा, वीस ते तीस मिनिटे जाऊ द्या, मग फोकस करा, आणि मग फोकस रिंगला कागदी चिकटपट्टी लावून टाका. उलट केले तर दोन गोष्टी होतात: पट्टा बांधताना रिंग हलते, आणि काच तापली की फोकस सरकतो. पट्ट्याची वायर लोंबकळत ठेवू नका. ट्रॅकर फिरताना ती ट्रायपॉडच्या पायात अडकली की तारे रेघांसारखे लांबट येतात. ट्रॅकरच्या डोक्याजवळ तिला एक सैल वळसा द्या आणि वेल्क्रोने बांधा.

ताकद वाढवणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. लेन्सचा कडा हाताला जेमतेम कोमट लागला की पुरे. जास्त तापला तर काचेपुढची हवा थरथरते आणि तारे फुगतात, मग दव नसतानाही फोटो दवासारखाच दिसतो. तीन पायऱ्यांचा पट्टा असेल तर मधल्या पायरीवर सुरुवात करा, स्कूटरची सीट ओली झाली की वर न्या.

विजेचा हिशेब करूनच निघा. २०,००० मिलिअँपिअरची पॉवर बँक म्हणजे आतल्या ३.७ व्होल्टवर ७४ वॅट-तास. ५ व्होल्ट करताना काही वाया जाते, हाती सुमारे ६० राहतात. ५ वॅटच्या पट्ट्याला ते बारा तास पुरतात, १० वॅटच्या पट्ट्याला सहा. हीटरची पॉवर बँक ट्रॅकरपासून वेगळी ठेवा. ती संपली तर निदान ट्रॅकर चालू राहील. पट्टा तापमान राखण्यासाठी बंद-चालू होणारा असेल तर काही पॉवर बँक मधल्या काळात "काहीच जोडलेले नाही" असे समजून स्वतःला बंद करतात, पहिल्या तासात एकदा दिवा तपासा. आणि वायर जाड, शक्यतो मीटरभरच घ्या. लांब, बारीक वायरीत ५ व्होल्टचे ४.४ झाले तर उष्णता जवळजवळ पाव हिश्शाने कमी होते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते.

सोल्डरिंग येत असेल तर पट्टा घरीही होतो. बाहेरून ८२ मिमी व्यासाच्या लेन्सचा घेर सुमारे २५८ मिमी. ३३० ओहमचे, १ वॅटचे दहा रेझिस्टर इंचाहून थोड्या कमी, म्हणजे २५ मिमी अंतरावर दोन समांतर तारांमध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे जोडा. १२ व्होल्टवर प्रत्येक ०.४४ वॅट घेतो, सगळे मिळून ४.४ वॅट आणि ०.३६ अँपिअर. अर्ध्या वॅटचे रेझिस्टर घेऊ नका, भरलेली बॅटरी १२ व्होल्टच्या वरच असते आणि ते आपल्या मर्यादेला टेकतात. उघड्या जोडांवर उष्णतेने आवळणारी नळी चढवा, १ अँपिअरचा फ्यूज घाला, वरून जाड सुती कापड शिवा. यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी वापरली तरी हा पट्टा रात्रभर, आठेक तास, चालतो.

हुड, पंखा आणि बाकीचे

हुडने काचेला दिसणारे आकाश कमी होते आणि ती सावकाश थंड होते. लेन्ससोबत आलेला प्लास्टिकचा हुड लावाच. जुन्या योगा मॅटचा तुकडा गुंडाळून तो वाढवता येतो. १३५ मिमीला काचेपुढे ८ ते १० सेंटीमीटर, पुढच्या बाजूला किंचित फाकलेला. संधिप्रकाशात एक फ्रेम घेऊन कोपरे काळे होत नाहीत ना ते पाहा, होत असतील तर कात्रीने सेंटीमीटरभर कमी करा. रुंद कोनाच्या लेन्सला लांब हुड चालत नाही, तिथे सगळी भिस्त हीटरवर. आणि एकट्या हुडवर पहाट निघेल अशी आशा गोव्यात धरू नका.

हीटर नसेल तर ५ व्होल्टचा छोटा यूएसबी पंखा वेगळ्या स्टँडवर ठेवून वारा काचेवर घालावा. हलती हवा काचेला स्वतःच्या तापमानाच्या फार खाली जाऊ देत नाही. तो ट्रायपॉडला मात्र बांधायचा नाही, कंप फोटोत उतरतो. आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर गेली की त्याचाही जोर संपतो.

जागा आणि वेळ

अंधार शोधत आपण सत्तरी, सांगे, काणकोणकडे जातो ते बरोबरच. कळंगुट-बागाच्या पट्ट्यात किंवा पणजीत तेजोमेघाच्या फिक्या कडा उजेडातच हरवतात. पण अंधार आणि कोरडेपणा एकाच जागी मिळतोच असे नाही. कुळागर, नदीकाठ, साळावली किंवा अंजुणेसारख्या धरणाचा काठ, खाजन शेताचा बांध या सगळ्या ओल्या जागा. थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून खाली सरकते आणि अशाच खोलगट भागांत साचते. पहाटेचे धुके तिथे आधी उठते. त्यापेक्षा सडा बरा. जांभ्या दगडाचे उघडे पठार दिवसभर तापलेले असते, थंड हवा तिथून खाली निघून जाते आणि थोडा वारा बहुधा असतो. खालच्या शेतात काच ओली असताना वरच्या सड्यावर ती तास-दीड तास जास्त कोरडी राहू शकते. अभयारण्यांच्या हद्दीत रात्री परवानगीशिवाय जायचे नाही, आणि खासगी सड्यावर मालकाला विचारूनच. समुद्रकिनारा वाऱ्यामुळे कोरडा वाटतो, पण लाटांच्या तुषारांतले मीठ काचेवर बसते. पाण्यापासून दूर, माडांच्या मागे लावा.

जागा ठरवताना उत्तरेकडे पाहा. गोव्याचा अक्षांश साडेपंधरा, म्हणून ध्रुवताराही क्षितिजापासून साडेपंधरा अंशांवरच. एक माड किंवा एक टेकडी त्याला सहज झाकते. ट्रॅकरची ध्रुव-दुर्बीणही दव धरते, जुळवणी झाली की तिचे टोपण लगेच लावा.

वेळेची निवड हा फुकटचा हीटर आहे. एम ४२ जानेवारीच्या मध्याला रात्री साडेदहाच्या सुमारास सर्वांत उंच, जवळजवळ ६९ अंशांवर असतो, फेब्रुवारीच्या मध्याला साडेआठलाच. म्हणजे फेब्रुवारीत साडेसात ते साडेदहा असे तीन तास, दव जोर धरण्याआधी, चांगल्या उंचीवर मिळतात. डिसेंबरात तोच तेजोमेघ मध्यरात्रीनंतर साडेबाराच्या सुमारास डोक्यावर येतो, अगदी ओल्या वेळी. नवशिक्याने हट्ट न धरता फेब्रुवारीची अमावास्या निवडावी. लगून तेजोमेघ मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच हाती लागतो, तेव्हा त्याला हीटरशिवाय हात घालू नये.

एसीचा फटका

हीटर आहे, सडा आहे, तरी पहिल्याच मिनिटाला काच ओली? मग कॅमेरा एसी खोलीतून किंवा एसी गाडीतून थेट बाहेर आला आहे. २२ अंशांच्या गाडीतली लेन्स २५ अंशांच्या दमट हवेत येते तेव्हा ती आधीच दवबिंदूच्या खाली असू शकते, आणि दव काचेच्या आतल्या बाजूलाही धरू शकते. तिथे ड्रायर पोचत नाही. पोचायच्या वीस मिनिटे आधी एसी बंद करून काचा उघडा. बॅग चेन न उघडता पाऊण तास बाहेर ठेवा, मगच कॅमेरा काढा. तोवर ट्रायपॉड आणि जुळवणी उरकते.

बिघडलेल्या फ्रेमचे काय

सगळे टाकायला नको. १२० पैकी पहिल्या ५० स्वच्छ असतील तर त्या ५० च स्टॅक करा, म्हणजे एकावर एक रचून एक चित्र करा. उरलेल्या ७० घातल्या तर चित्र सुधारत नाही, ताऱ्यांची वलये त्यात मुरतात. सिरिलच्या आलेखावर जिथून तारे कमी होऊ लागतात तिथे रेघ मारा आणि पुढचे काढून टाका.

फ्लॅट फ्रेम, म्हणजे चौकटीतला कमी-जास्त उजेड दुरुस्त करण्यासाठी एकसारख्या पांढऱ्या उजेडावर घेतलेल्या फ्रेम, इथे घात करतात. दव धरलेल्या लेन्सने पहाटे घेतलेले फ्लॅट चुकीची दुरुस्ती करतात, कोपरे उजळ किंवा मध्य काळवंडलेला येतो. फ्लॅट नेहमी कोरड्या काचेवर, हीटर चालू ठेवून, फोकस आणि लेन्सचे छिद्र (अपर्चर) न बदलता घ्या. पहाटेवर भरवसा नसेल तर पहिल्या तासानंतर थांबून, पांढरा टी-शर्ट लेन्सवर ताणून, टॅबच्या पांढऱ्या पडद्यासमोर वीस-पंचवीस फ्लॅट उरकून घ्या.

घरी परतल्यावर

ओली लेन्स बॅगेत बंद करून झोपणे म्हणजे बुरशीला घर देणे. आधी कॅमेऱ्याचे अंग, हॉट शू (वरची फ्लॅश बसवायची खाच) आणि बटणांच्या फटी सुती नॅपकिनने टिपून घ्या, काचेला हात लावू नका. लेन्स आणि कॅमेरा पंख्याखाली दोन तास उघडे ठेवा. नंतर हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक घालून ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. जेलचे दाणे निळ्याचे गुलाबी किंवा नारिंगीचे हिरवे झाले की ओव्हनमध्ये सुमारे ११० ते १२० अंशांवर दोन तास भाजून पुन्हा वापरता येतात. जून ते सप्टेंबर आकाश मिळत नाही, तरी डबा दर पंधरवड्याला उघडून जेल तपासा. बुरशी लागते ती याच चार महिन्यांत. हीटरचा पट्टा आणि योगा मॅटचा हुड त्या डब्यात घालू नका, त्यांच्या कापडात आणि फोममध्ये रात्रीचे पाणी मुरलेले असते, ते उन्हात वेगळे वाळवा.